घोट्यावरचा चट्टा

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चिमणीला परत ताप आला. पोटदुखी, सांधे आखडलेले आणि घोट्यावर तोच तळहाताएवढा लाल, तापलेला चट्टा. दोन-तीन दिवसांत सगळं आपोआप ओसरलं. मी अगदी वैतागले आहे. एक डॉक्टर म्हणतात जंतुसंसर्ग, दुसरे म्हणतात ॲलर्जी, तिसऱ्यांनी तर शाळा बुडवायची नाटकं म्हणून हात झटकले. नाटकानं कातडी लाल होते का रे, तूच सांग!

नव्या डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट ऐकून घेतलं. त्यांच्या मते हा घराण्यातून उतरणारा ताप असावा. शरीराचे पहारेकरी चोर नसतानाच लाठ्या घेऊन धावतात आणि घरच्यांनाच बडवतात. मला कधी झाला नाही, तरी माझ्यातून तिच्यात आला असेल. तुला आणि आप्पांनाही असाच ताप यायचा ना? चट्टाही उठायचा? खरं लिही. वेळेत कळलं तर रोजच्या गोळीनं आटोक्यात राहतो. हयगय झाली तर मूत्रपिंडं जातात. माझा जीव टांगणीला लागलाय.

लोभ आहेच, तो माझ्या चिडचिडीसकट असू द्यावा.
तुझी धाकटी

१३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

राईचा पर्वत करायची तुझी खोड काही जात नाही. अगं, मी लाँड्रीत इस्त्रीच्या यंत्रापुढे उभा असतो. वाफेचा पाइप घोट्याजवळूनच जातो, त्याची धग लागते. आप्पा याच जागी उभे राहायचे, त्यांनाही लागायची. मलम चोपडायचं आणि कामाला लागायचं. त्या उकाड्यात ताप दगडालाही येईल. तुझी वहिनीही डॉक्टर डॉक्टर करत असते. तुमचं दोघींचं छान जमेल. चिमणीला गोड पापा.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
दादा

२० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. चिमणीच्या वर्गात कुठला पाइप आहे? आप्पा पाय सुजून गेले (मूत्रपिंडं निकामी झाली की पाय असेच सुजतात म्हणे), तेव्हाही आपण उभ्यानं करायच्या कामाला बोल लावून गप्प बसलो. तुझं यंत्र बंद असतं तेव्हा चट्टा उठत नाही का, हे वहिनीला विचार आणि डॉक्टरांकडे जाऊन स्वतःला तपासून घे. घरातलं आणखी एक माणूस सापडलं तर निदान पक्कं होईल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. माझ्याशी अबोला धर हवं तर, पण पोरीसाठी एवढं कर.

भांडले तरी तुझीच आहे, लोभ ठेव.
धाकटी

९ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

वहिनीनं ऐकवलंच. गेल्या वर्षी यंत्र महिनाभर दुरुस्तीला होतं, तेव्हाही मी लाल पाय घेऊन घरी कण्हत होतो. मुकाट्यानं तपासणीला गेलो. तोच ताप निघाला. तुझ्या डॉक्टरीणबाईंना कळवायला सांगितलंय, चिमणीचं आता अडणार नाही. माझ्या मूत्रपिंडांना मात्र इजा झालीच आहे. गोळी सुरू केलीय, पण गेलं ते परत येत नाही म्हणाले.

रडू येत नाही, नुसता संताप होतो. मी जाड बूट घेतले, पाइपाला कापड गुंडाळलं, तो हलवावा म्हणून मालकाशी भांडलोही. सगळी अक्कल त्या पाइपावर खर्च केली.

काल माझ्या थोरलीनं वहिनीला सांगितलं, तिलाही असाच ताप येतो, बऱ्याच दिवसांपासून. बाबा हसतील म्हणून ती बोलली नव्हती. उद्या तिला घेऊन जातोय.

लोभ कमी करू नकोस, आता तो लागणार आहे.
दादा