यादीतला दुसरा पेशंट

मी, खाली सही करणारा, हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रिया करणारा आणि शिकवणारा, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाबद्दल तसं म्हणता येत नाही. त्याची एक झडप कामातून गेली असून ती उद्या सकाळी बदलायची आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. पत्नीने फक्त अक्षर नीट काढायला सांगितलं आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम एक. राहतं घर, त्यातल्या सर्व वस्तूंसह, पत्नीला. माझी आरामखुर्ची ती टाकून देणार हे मला ठाऊक आहे. माझी हरकत नाही, पण महिनाभर तरी थांबावं.

कलम दोन. बँकेतली शिल्लक पत्नी आणि मुलगा यांना निम्मी निम्मी. मुलगा डॉक्टर झाला नाही. मी एकदा विषय काढला तेव्हा म्हणाला, "बाबा, आपल्या घरात जेवायला एक ताट रिकामं असतं, तेवढं पुरे."

कलम तीन. रुग्णालयाच्या माजी अधीक्षकांना काहीही नाही. शिकाऊ डॉक्टरांची सरावाची खोली काढून यांनी तिथे कॉफीचं मशीन बसवलं. त्यांनी माझ्या शोकसभेत बोलू नये. ऐकायला येऊ शकतात.

कलम चार. कपाटावरचा पत्र्याचा उभा डबा. हा माझ्या गुरूंचा. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. डब्याच्या तळाशी कापडाची नळी बसवली आहे आणि काठाला बारीक घंटी. छातीत खोलवर टाके घालायचे तर हात आजूबाजूला कुठेही लागता कामा नयेत. म्हणून खऱ्या पेशंटला हात लावण्याआधी प्रत्येकाने या डब्यात चिमटे घालून ती नळी शिवायची, उसवायची, पुन्हा शिवायची. काठाला धक्का लागला की घंटी वाजे आणि मागून मास्तर विचारत, "घाई कोणाला आहे?" ओरडत नसत. त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं.

पुढे त्या जागी मी उभा राहू लागलो आणि तेच विचारू लागलो. माझ्या हाताखाली शिकलेल्यांनी हे शब्द इतके ऐकले आहेत, की त्यांच्या मुलाबाळांनाही पाठ असतील.

मास्तर जाऊन पुष्कळ वर्षं झाली. घंटी अजून वाजते. खिडक्या लावलेल्या असतात, कपाटाजवळ कोणी नसतं, आणि ती वाजते. पत्नी म्हणाली, मांजर असेल. आमच्याकडे मांजर नाही. दाढी करताना, भाजी चिरताना माझ्या डाव्या खांद्यामागे कोणीतरी उभं असतं. मी वळून बघत नाही. निवृत्त झालो की हे थांबेल असं वाटलं होतं, पण थांबलं नाही. मला त्याची भीती वाटते, आणि हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

कलम पाच. हे कधी सुरू झालं ते लिहून ठेवतो, कारण पुढची कलमं त्यावर अवलंबून आहेत. आमच्या युनिटचा एक नियम आहे, मास्तरांनीच घातलेला. टेबलावर पेशंट गेला, तर ज्याच्या हातून गेला त्यानेच बाहेर जाऊन घरच्यांना सांगायचं. मग परत यायचं आणि यादीतला दुसरा पेशंट त्याच दिवशी करायचा. आज टेबलापासून पळालेला उद्या परत येत नाही, असं ते म्हणत.

मास्तरांची शस्त्रक्रिया त्यांच्याच हट्टावरून मी केली. हातात होतं ते सगळं केलं, कुठे चुकलो नाही. ते टेबलावरच गेले. मी बाहेर जाऊन त्यांच्या पत्नीला सांगितलं. त्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जा. दुसरा वाट बघतोय." मी गेलो. दुसऱ्या पेशंटची छाती उघडली, पहिला टाका घेतला, आणि मागून स्पष्ट आवाज आला, "घाई कोणाला आहे?" तेव्हापासून ते तिथेच आहेत. तो पेशंट मात्र वाचला.

कलम सहा. उद्या माझी शस्त्रक्रिया माझी विद्यार्थिनी करणार आहे. आम्ही तिला मुकी म्हणत असू, कारण तीन वर्षांच्या प्रशिक्षणात ती गरजेपुरतंच बोलली. डब्याची घंटी तिच्याइतकी कमी कोणीच वाजवली नाही. काल ती घरी आली, चहा तसाच ठेवला आणि म्हणाली, "सर, दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. प्रत्येक केसला तुम्ही माझ्या मागे उभे असता. तुम्ही सुट्टीवर असायचात तेव्हाही असायचात. उद्या समोरही तुम्ही आणि मागेही तुम्हीच."

मी म्हटलं, उद्या माझ्या तोंडात नळी असेल, मी काय बोलणार? ती हसली नाही. मग मलाही हसू येईना. आपल्या मागे कोण उभं असतं हे मला ठाऊक होतं. आपण कोणाच्या मागे उभे आहोत हे कधी मनातच आलं नव्हतं. मी अजून जिवंत आहे, आणि तरी भूत झालो आहे.

शस्त्रक्रिया तीच करेल, तेवढं जाताना कबूल करून गेली. सबब, डबा मुकीला द्यावा. घंटी मी आज काढली आहे. ती पाकिटात आहे. ती माझ्या देहाबरोबर जावी, कोणाच्याही हाती लागू नये. भिंगाचा चष्मा आणि चिमटेही मुकीलाच.

कलम सात. नियम मात्र राहील. उद्याच्या यादीत माझ्यानंतर शाळेची बस चालवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांची शस्त्रक्रिया आधीच दोनदा पुढे ढकलली गेली आहे. आज सकाळी तपासण्यांच्या रांगेत भेटल्या. माझा नंबर पहिला हे कळल्यावर म्हणाल्या, "मग काका, तुमचं लवकर आटपा." मी त्यांना शब्द दिला आहे. माझं काहीही होवो, त्यांना पुन्हा घरी पाठवू नये.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात आणि या कलमाची गरज उद्याच लागेल, म्हणून ते आज पत्नीला वाचून दाखवलं. वाईट घडलं तर मुकी बाहेर येऊन तिला सांगेल. तेव्हा तिने मुकीला जायला सांगावं, कारण पत्नीच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्या मुलीचे पाय हलणार नाहीत.

पत्नी बराच वेळ टेबलक्लॉथची सुरकुती काढत बसली. मग म्हणाली, "म्हणेन. पण आधी रडेन. तिला जवळ घेऊन रडेन. तेवढं थांबावं लागेल तुमच्या दुसऱ्या पेशंटला."

हे मला मान्य आहे. तेवढा वेळ दोघींना द्यावा. थिएटरमधून कोणीही बोलावणं पाठवू नये. घाई कोणाला आहे?

सही: (मृत्युपत्र करणारा)

साक्षीदार पहिला: भूल देणारा मित्र. साक्षीदाराला मिळकतीतलं काही देता येत नाही, म्हणून त्याला काही ठेवलेलं नाही. माझी छत्री त्याच्याकडेच आहे, ती परत मागू नये.

साक्षीदार दुसरा: खालच्या मजल्यावरचे चष्म्याचे दुकानदार.

दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

स्थळ: राहतं घर, जेवणाचं टेबल.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपार. घरात शांतता आहे.