भावाचा कागद कोण वाचतं?

मी, सिद्धेश्वरी कल्लप्पा कलशेट्टी, वय चौसष्ट, धंदा कडक भाकरी करून विकणे, राहणार भवानी पेठ, सोलापूर, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं आहे आणि हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्या मर्जीने, माझ्या अक्षरात आहे.

१. पंचविसाव्या वर्षी विधवा होऊन मी माहेरी आले. वडिलांचे चादरीचे चार माग बावीस वर्षं त्यांच्याबरोबर चालवले. ते गेल्यावर महिन्याभरात धाकटा भाऊ महेश्वर मला रजिस्ट्रार कचेरीत घेऊन गेला. "अक्का, लाईटचं मीटर नावावर करायचंय. सायबानं विचारलं तर व्हय म्हण." मला वाचता येत होतं. पण भावाचा कागद कोण वाचतं? साहेबांनी विचारलं, मी हो म्हणाले. ते हक्कसोडपत्र होतं. दिवाळीनंतर कामावर गेले तर कारखान्याला नवं कुलूप. तो कारखाना आता माझा नाही, म्हणून त्याची वाटणी इथे नाही. पण नोंद असावी.

२. भवानी पेठेतल्या दोन खोल्या माझ्या स्वकष्टाच्या. त्या मी भाची संस्कृती महेश्वर कलशेट्टी हिला देते. अट एकच, मंगळवारी दुपारी ओटा बायकांना मोकळा असावा.

त्याचं कारण सांगते. कुलूप लागल्यावर दोन वर्षं मी भाकरी थापायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. एका मंगळवारी शेजारची गंगम्मा दिरांनी दिलेला कागद घेऊन आली. "सिद्धव्वा, सही मागत्यात. काय लिवलंय बघ की." दुसऱ्याच ओळीत हक्कसोड. मी तिला तीनदा मोठ्याने वाचून दाखवलं. तिने सही केली नाही. आज नवऱ्याच्या वाट्याचं शेत ती स्वतः कसते. तेव्हापासून बायका कागद आणतात, मी वाचते. सही कर किंवा करू नको, असं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

३. चार वर्षांपूर्वी लग्न ठरलेली संस्कृतीच आली. "आत्या, बाबा म्हणाले, लग्नाच्या नोंदणीचा कागद आहे." तेही हक्कसोडपत्रच होतं. मी शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचलं. तिने कागद घडी घालून बापाला परत दिला. महेश्वर दारात येऊन ओरडला, "अक्का, पोरीला माझ्यावर उठवलीस!"

"न्हाय रे. मी नुसतं वाचलं."

त्यानंतर तो आलेला नाही.

४. महेश्वरला मी काही देत नाही. वकील चनबसप्पा म्हणाले, "माफ केलं, एवढं तरी लिहा. बरं दिसतं." लिहीत नाही. ज्याला कडेवर घेऊन शाळेत पोचवलं, त्यानेच सहीच्या जागेवर बोट ठेवून दाखवलं होतं. ते बोट मला अजून दिसतं.

५. तवा, काठवट आणि भाकरीची गिऱ्हाइकं मल्लव्वाला. सात वर्षं ती माझ्यासोबत थापते आहे. शेंगाचटणीत मीठ मात्र कमी घालावं.

६. माझ्या मातीला महेश्वर आला तर त्याला अडवू नये. खांदा मात्र संस्कृतीने आणि मंगळवारच्या बायकांनी द्यावा. बायका खांदा देत नाहीत असं कुणी म्हणालं, तर तसं कुठं लिहिलंय ते मागावं, आणि तिथेच सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं.

सही: सिद्धेश्वरी कल्लप्पा कलशेट्टी

आम्ही हे पूर्ण वाचलं. सिद्धेश्वरीबाईंनी आमच्यादेखत सही केली, मग आम्ही त्यांच्यादेखत.

साक्षीदार:
१. धोंडप्पा म्हेत्रे
२. म्हाळसाबाई बिराजदार

सोलापूर, ११ फेब्रुवारी २०२५