सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

३ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझी पाठ कशी आहे? विमानांच्या पोटाखाली वाकून धरलेली ती कळ संपाच्या निमित्ताने तरी सैल पडली का? तुझ्या बायकोचा, आमच्या सूनबाईंचा गुडघा? लेकीचा, ठमीचा खोकला? आणि तुमचं आंधळं मांजर अजून दुधाच्या भांड्याऐवजी चपलेत तोंड घालतं का? आम्ही दोघं ठीक. तुझ्या वहिनीची दाढ आणि माझी बडबड, दोन्ही जुनीच दुखणी.

संपाला अकरा दिवस झाल्याचं पेपरात वाचलं. फाटकाच्या आत माझा मुलगा, बाहेर माझा भाऊ. मी जीव कुणासाठी टांगणीला लावू? साहेब झाला तरी पहिलं विमान त्याने तुझ्या खांद्यावर बसूनच पाहिलंय. समोर आला तर शिव्या देऊ नकोस. नुसते डोळे वटार, तेवढ्यानेही तो घाबरतो.

एकतीस वर्षं दुरुस्ती शेडची टूलरूम सांभाळली, म्हणून विचारल्यावाचून राहवत नाही. बाहेर पडताना हत्यारं जागेवर लावलीत ना? हत्यार नेणाऱ्याने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला त्या हत्याराच्या रिकाम्या खुंटीवर लावायचा, आणि खुंटीवर बिल्ला आहे तोवर शेडमधलं एकही विमान हलायचं नाही, हे मी तुम्हाला घसा फोडून शिकवलंय.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा

९ फेब्रुवारी

ती. स्व. दादा व वहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

दादा, पाठ बरी आहे, कारण दिवसभर ती फाटकाला टेकवून बसतो. गुडघा, खोकला, मांजर यथास्थित.

कंपनीला सहा तासांची तपासणी चार तासांत हवी आहे. शिवाय दोन सह्यांऐवजी एकच. एकाने बघितलेलं दुसऱ्याने पुन्हा बघायचं, ही त्यांना चैन वाटते. बैठकीत तुझा साहेब म्हणाला, काका, जग पुढे गेलं. मी म्हटलं, जाऊ दे, पण चाकं तपासून जाऊ दे. सगळे हसले, तोही हसला, आणि मग वरच्यांनी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला.

आता तू हसू नकोस. संपाचा भोंगा झाला तेव्हा मी इंजिनात डोकं घालून होतो. तसाच निघालो. घरी आल्यावर खिशात दांड्याचा आरसा सापडला, फटीत घालून पाहतो तो. माझा सत्तेचाळीस नंबर तिकडे खुंटीवरच आहे. परत द्यायला आत जावं तर म्हणतील हा फुटला. विमानं जागची हलत नाहीत तोवर काही बिघडत नाही. रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलाय, संप मिटला की पहिलं काम तेच. हे तुझ्यामाझ्यात.

वहिनींच्या दाढेला माझा नमस्कार. माया असू द्यावी.

तुझा भुंग्या

१७ फेब्रुवारी, साहेबाच्या घरून

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या घरापासून दोन बसथांब्यांवर बसून तुला पत्र लिहायची वेळ यावी! परवा आलो होतो. सूनबाईंनी पाणी दिलं आणि मान खाली घालून म्हणाल्या, ते घरी नाहीत. आतून तुझं गुणगुणणं ऐकू येत होतं. तसाच निघालो.

मी का आलो ते तरी ऐक. साहेब आम्हा दोघांना न्यायला आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. बाहेरून कंत्राटी माणसं आणलीत, सोमवारपासून विमानं सोडायची आहेत, आणि हत्यारं कुठेही पडताहेत. एखादा पाना इंजिनात राहिला, तर आत बसलेल्या दीडशे माणसांना संप कुणाचा होता हे कोण समजावणार? म्हणून टूलरूम सांभाळायला आलो. फितूर म्हणायचं तर म्हण.

टूलरूममध्ये पाऊल टाकलं आणि आधी दिसला तुझा सत्तेचाळीस. माझाच नियम मी कसा मोडू? आरशाचा पत्ता लागेपर्यंत शेडमधली तिन्ही विमानं उभी करा, असं लिहून दिलं. कुठे आहे तो, हे मला ठाऊक होतं, पण तुझा शब्द ठेवायचा होता. दोन दिवस ती माणसं इंजिनं उघडून शोधत होती. मग मोठे साहेब म्हणाले की हा युनियनचा घातपात आहे, फाटकावरच्या सगळ्यांना पोलिसांत देतो. ही चूक आहे, घातपात नाही, हे पटवायला मी तुझं पत्र आमच्या साहेबाला दाखवलं. त्याने माझ्या गळ्याची शपथ घेतली, की काकांचं नाव या खोलीबाहेर जाणार नाही. पत्र नेलंय, उद्या परत देतो म्हणाला.

आरसा सूनबाईंच्या हाती पाठव. मी लावून टाकतो. राग असू दे, पण त्या रागाच्या बाजूला मला थोडी जागा ठेव.

तुझा दादा

२ मार्च

दादा यांस,
नमस्कार.

बडतर्फीचा कागद मिळाला. सोबत माझ्याच अक्षरातल्या पत्राची नक्कल आहे. ‘विमानं जागची हलत नाहीत’ याखाली लाल रेघ. तेवढ्यावरून ठरलं की विमानं अडवायलाच मी आरसा पळवला. खाली तुमच्या मुलाची सही. एकच सही, नव्या पद्धतीप्रमाणे.

काल संप मिटला. सगळे आत गेले, मला सोडून. चोरीचा ठपका असलेल्या माणसासाठी किती ताणायचं, असं आमच्याच युनियनच्या सेक्रेटरीने विचारलं. तपासणी चार तासांची झाली. आरसा पोलिसांनी रुमालासकट नेला. ठमी दारात उभी होती.

तुम्ही चांगल्या मनाने केलंत, असं घरात सांगतात. मलाही कळतं. कळून काही होत नाही.

तुम्ही पत्र पाठवू नये.

८ मार्च

चि. भुंग्यास,
आशीर्वाद, घेशील तर.

पाठ? गुडघा? खोकला? विचारायचा हक्क गेला, सवय गेली नाही.

जन्मात पहिल्यांदा तू मला ‘तुम्ही’ म्हटलंस. तेवढं ऐकून तुझी वहिनी उठून आत गेली. पुढचं मी एकट्याने वाचलं.

साहेबाला विचारलं. म्हणाला, बाबा, वरून विचारल्यावर मी काय लपवणार होतो? शपथ मुलगा म्हणून घेतली होती. त्याच दिवशी आम्ही दोघांनी त्याचं घर सोडलं. पोटचा आहे, टाकवत नाही. पण त्याच्या ताटात जेववतही नाही. तरी चूक माझीच. तुला विचारल्याशिवाय तो कागद हातातून सोडायचा नव्हता. सूनबाई नाही म्हणाल्या, तरी दारात बसून राहायला हवं होतं.

निघण्याआधी टूलरूममध्ये गेलो. बडतर्फ माणसाचा बिल्ला वितळवायला टाकतात, तुला माहीत आहे. तुझा सत्तेचाळीस खुंटीवरून काढून मी खिशात घातला. तिथून न सांगता काही न्यायची माझी ही पहिलीच वेळ. तो या पत्रासोबत पाठवतोय. आणि त्या खुंटीवर माझा नऊ नंबर लावला, निवृत्तीच्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी चकचकीत घासून मला दिलेला. फळ्यावर खडूने लिहिलं: आरसा जागेवर नाही, जबाबदार नऊ नंबर.

काल शेडमधल्या जुन्या रंगाऱ्याचं पत्र आलं. मी बिल्ला लावला त्याच दुपारी, चार तासांत तपासण्या उरकून तिन्ही विमानं गेली. नऊ नंबर अजून तिथेच आहे. तो काढून टाकावा इतकंही त्याच्याकडे कुणी बघितलेलं नाही.

भुंग्या, दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल, पण ‘तू’ म्हणून लिही. आणि लवकर लिही.

तुझा दादा