मंगळवारचा हात

३ फेब्रुवारी, केर्न्स
आले बाई एकदाची! इनिस्फेलहून गाडीत पंखा, पाळणा आणि मी असे कोंबून आलो. रक्ततपासणीत मुलगा आहे कळल्यापासून नवऱ्याला, डॅरिलला धीर नाही. नाव ठरवलं, रूबेन. एवढीशी गळाची काठी आणून तिच्यावर ते रंगवूनही टाकलं, वेडा! नोकरी पक्की होईपर्यंत मात्र पोटाची बातमी तोंडातून काढायची नाही.

प्रयोगशाळेतलं काम आवडलं. डासांच्या पेशी बाटल्यांत वाढवायच्या आणि त्यांच्यात राहणारा जीवाणू जपायचा. तो डासात असला की डेंगी पसरत नाही, म्हणून त्याचे लाड. पिंजरे सांभाळणारी वेनिता आन्टी थर्सडे बेटावरची, जिभेला हाड नाही. म्हणाली, इथे चहा फुकट, पण मंगळवारी हात द्यावा लागतो. डासांच्या माद्यांना रक्त लागतं. पिंजऱ्यात हात घालायचा, मग सगळ्यांनी मिळून केक खायचा.

आमचा साहेब हेडली. त्याने समजावलं, हा जीवाणू आईकडूनच पोरांत उतरतो, बापाकडून नाही. म्हणून मुलगे जीवाणूच्या लेखी नुसते खायला काळ. काही किड्यांत तो मुलगे अंड्यातच मारतो, काहींत मुलाची चक्क मुलगी करतो. आन्टी म्हणाली, माझ्या नवऱ्याला सांगू नका, घरी यायचा नाही. माणसाला भीती नाही म्हणे, आपल्या अंगाची ऊब त्याला सोसत नाही.

११ फेब्रुवारी
गाढवपणा केला. आधीच्या नोकरीत माणसाच्या पेशी होत्या. त्याच सवयीने डासांची बाटली गरम कपाटात ठेवली, थेट अंगाच्या उबेत. आठवडाभर तिथेच! वाटलं, मेलं सगळं आणि गेली नोकरी. पण पेशी जिवंत, आणि जीवाणू नुसते ठासून भरलेले. हेडली नाचायचाच बाकी होता. म्हणे, अशी चूक रोज कर. हेच जीवाणू आता डासांच्या अंड्यांत टोचणार आहे.

१७ मार्च
नवे डास निघाले. एकूण एक माद्या, नर औषधालाही नाही. हेडलीने डास पुन्हा मोजले, मग म्हणाला, बघू. मंगळवार होता. मी मागे उभी, तर आन्टीने टोमणा मारलाच, इनिस्फेलच्या पोरी एवढ्या नाजूक असतात होय! घातला हात त्या नव्यांच्या पिंजऱ्यात. दोन तुकडे केक खाल्ला.

२६ मार्च
बारीक ताप. चावल्याच्या गांधी जात नाहीत. डॅरिल म्हणतो, तुझ्याशेजारी झोपणं म्हणजे चुलीशेजारी झोपणं. रूबेन हलतो, तेवढा जिवाला आधार.

८ एप्रिल
राहवलं नाही. बोट टोचून रक्त भिंगाखाली धरलं. पेशींमध्ये जीवाणूंचे तेच दाणे. रोज बघते मी ते, माझी चूक कशी होईल?
हेडलीला पोटाचंही सांगून टाकलं. वाटलं, हादरेल. त्याने माझ्या रक्ताची एक नळी मागितली. मेल्याला लाज नाही!

१४ एप्रिल
सोनोग्राफी. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, मुलगी आहे, आधीच्या तपासणीत गफलत झाली असेल, होतं असं. डॅरिलही हसला, म्हणाला, मुलींनी काय मासे धरू नयेत? मी रडले. मुलगी नको म्हणून नाही. माझा रूबेन होता. त्याला कुणीतरी आतून पुसतंय —

१६ एप्रिल
आन्टीला सगळं सांगितलं, तर ढसाढसा रडली. टोमण्याबद्दल दहादा माफी मागितली. बाटल्यांतून जीवाणू काढायचं औषध आणून दिलं. पोटुशीने घेऊ नये हे दोघींना ठाऊक. पण थोडा तरी रूबेन उरला असेल तर — उद्या घेणार.

१७ एप्रिल
घेतलं नाही. बाटली तोंडाशी नेली की हात खाली येतो. माझाच हात.

१९ एप्रिल
मंगळवार नाही, तरी पिंजऱ्याशी गेले. हात आत. छान वाटलं — देवा, छान का वाटलं —

२० एप्रिल
औषध मोरीत ओतलं. मी नाही. आन्टी दार ठोठावतेय, ठोठावू दे. ताप उतरला. आता ऊब सोसते आम्हाला. पोरगी मजेत आहे —
कोपऱ्यात एक छोटी काठी आहे. तिच्यावर कुणाचंसं नाव रंगवलंय. रूबेन. हा कोण —