बायका बेळगावला गेल्या तेव्हा

१६ नोव्हेंबर १९५८, रविवार

कालिंदीनं नाव दिलं! मला न विचारता!

मीटिंगहून आली, पदर खोचला, आणि भात ढवळता ढवळता म्हणाली, "पुढच्या रविवारी बायकांची तुकडी सत्याग्रहाला निघतेय. बेळगावला. मी आहे, शेजारच्या कमलाबाई आहेत, समोरच्या चाळीतल्या शामरावांची लक्ष्मीपण आहे. महिनाभर तरी आत ठेवतील म्हणे."

मी म्हटलं, "आणि इथं?"

"इथं तुम्ही आहात की! रेल्वेच्या वर्कशॉपात प्लॅनिंग सेक्शनला बसता, आख्खं इंजिन खोलून जोडायचं ठरवता. तिन्ही घरची चार पोरं नाही सांभाळता यायची?"

काय बोलणार! मुंबई महाराष्ट्राची, बेळगाव महाराष्ट्राचं, ह्या घोषणा मीच तिला शिकवल्या. आता ती जायला निघाली तर कोणत्या तोंडानं नको म्हणू?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आमच्या साहेबांचे दर आठवड्याला वर्ग असतात — काम कसं आखावं, कसं तडीला न्यावं. आज जरा कान देऊन ऐकलं. म्हणाले, "काम अंगावर घेतलं की पहिला प्रश्न — ते झालं हे कशावरून ओळखायचं? हे ठरलं नाही तर काम कधी संपतच नाही."

घरी येऊन कालिंदीला विचारलं. माझी समजूत, ती मोठी यादी सांगेल. भांडी अशी, अंथरुणं तशी. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाली, "पोरं जेवली पाहिजेत, शाळेत गेली पाहिजेत, आजारी पडली तर कुणीतरी जवळ पाहिजे. बाकी काही नको. फरशी काळी झाली तरी चालेल. मी आल्यावर ओरडणार नाही."

पुढं हळूच — "थोडी ओरडेन."

२० नोव्हेंबर, गुरुवार

आम्ही तिघं नवरे बसलो. मी, कमलाबाईंचा दत्ताराम आणि शामराव. दत्ताराम गिरणीत साच्यावर कापड विणतो, त्याची पाळी बदलती. शामराव माझ्याच वर्कशॉपात फिटर. वीस वर्षांची ओळख, पण खुर्ची मांडून असं काही ठरवायला पहिल्यांदाच बसलो असू.

मी भिंतीवर खडूनं आखणी केली. इंजिनाचं असतं तशीच — कशाच्या आधी काय. पाणी भरल्याशिवाय तांदूळ नाही, तांदूळ शिजल्याशिवाय डबे नाहीत, डबे नाहीत तर शाळा नाही. सगळं नळावर अडतं! नळाला पाणी येतं पहाटे. तेव्हा तिथं जो उशीर करेल तो सगळ्यांचा दिवस बिघडवेल. शामराव म्हणाले, "पाणी माझ्याकडे. उठायची सवय आहे." चूल एकच, आमच्या खोलीत. चारी पोरं तिथंच जेवणार — आमची बकुळा, दत्तारामचा दोन वर्षांचा रघु, शामरावांच्या दोघी.

आखणी इतकी सुरेख झाली की मी दोनदा लांब उभा राहून बघितली.

२३ नोव्हेंबर, रविवार

दादरला गाडीत बसवून आलो. घोषणा, हार, गर्दी. कालिंदी खिडकीतून ओरडली, "बकुळेच्या वेण्या घट्ट घालू नका, तिचं डोकं दुखतं!" पुढं गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही.

घर एवढं मोठं कधी झालं?

२४ नोव्हेंबर, सोमवार

भात करपला. वेणी सैल घातली ती जिन्यातच सुटली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज जीव जायचा बाकी होता. वर्कशॉपातून आलो तर बकुळा घरी नाही. आखणीत मी लिहिलं होतं — मुलींना शाळेतून आणणे: घरातली मोठी माणसं. दत्तारामला वाटलं शामराव आणतील. शामराव माझ्याबरोबर कामावर, त्यांना वाटलं दत्तारामची सकाळपाळी आहे, तो आणेल. मला वाटलं कुणीतरी आणेलच.

धावत गेलो. शाळेच्या फाटकाशी तिघी बसल्या होत्या, एकमेकींना चिकटून. शामरावांच्या धाकटीला झोप लागलेली, बकुळेच्या मांडीवर. बकुळा रडली नाही. फक्त म्हणाली, "बाबा, आम्हाला वाटलं तुम्हालापण पकडलं."

घरी येऊन ती ओळ पुसली. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही! आता प्रत्येक कामापुढे एकच नाव. त्याला जमणार नसेल तर त्यानंच दुसऱ्याला सांगायचं, समक्ष.

३० नोव्हेंबर, रविवार

सुट्टी म्हणून शामरावांनी रांधलं. बोंबलाचं कालवण, भात. चाळभर वास! पोरं ताटं चाटत होती.

राधाआत्या जेवली नाही.

आत्या माझ्या वडिलांची बहीण, मालवणहून आली ती आमच्याकडेच राहिली. तिनं आपला वेगळा टोप काढला, गॅलरीत बसून कोरडी भाकरी खाल्ली, आमच्याकडे पाठ करून. मी ताटात बघत भात कालवला. दत्तारामनं आणखी कालवण वाढून घेतलं.

भांडी घासताना शामराव म्हणाले, "रामदास, माझं सोड. मला हे आयुष्यभराचं आहे. पण आज माझी थोरली विचारत होती — आजी आपल्या हातचं का नाही खात? आम्ही बौद्ध झालो तेव्हा तिला सांगितलं होतं, आता असलं काही उरलं नाही म्हणून. तिला मी काय सांगू?"

मी तोच टोप पुन्हा घासायला घेतला. भिंतीवर खडूनं सगळं आखलेलं, आणि त्यात हे कुठंच नाही. मला सुचलंच नव्हतं. ज्याला सोसावं लागतं त्याला सुचतं.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी आत्यापाशी बसलो. सरळ म्हटलं, "आत्या, शामरावांच्या पोरींना लागलं. हे माझ्या घरात चालायचं नाही."

आत्या भडकली. पण भलत्याच गोष्टीवर! "माका कोणी विचारल्यान? घर माजा, चूल माजी, नि तुज्या त्या भिंतीवर माजा नाव खंय आसा?"

खरंच नव्हतं. चार पोरांची व्यवस्था लावली, आणि दिवसभर घरात असणाऱ्या एकुलत्या एक मोठ्या माणसाला विचारलंच नाही. साहेबांनी वर्गात हेच सांगितलं होतं — ज्याचा कामाशी संबंध आहे त्याला आधी विचारा, नाहीतर काम तिथंच अडेल. मी ते मान डोलावून ऐकलं होतं!

"सांग," म्हटलं, "तुझं नाव कुठं घालू?"

तिनं आखणीवरून बोट फिरवलं. मग — "दुपारची पोरां माजी. नि शाळेत्सून आणूचा पण माजा."

जेवणाचं बोलली नाही. मी म्हटलं, "आणि शामरावांच्या हातचं?" ती उठून गेली. पण नाव घातलं. राधाआत्या — मोठ्या अक्षरात.

६ डिसेंबर, शनिवार

बाबासाहेबांना जाऊन दोन वर्षं झाली. शामराव मुलींना घेऊन दादर चौपाटीला गेले. निघायच्या आधी आत्यानं दोघींना पुढ्यात बसवून वेण्या घातल्या. पांढऱ्या रिबिनी, कुठून आणल्या देव जाणे. शामराव दारात उभे राहून बघत होते. मग धाकटीचा हात धरून निघाले.

९ डिसेंबर, मंगळवार

रघु आजारी. सकाळी नुसता किरकिरत होता. संध्याकाळी मी आणि शामराव जिना चढतो तर आत्याची किंकाळी — पोराला आकडी आली, डोळे पांढरे केले! दत्ताराम दुसऱ्या पाळीला. शामरावांनी आत्याच्या मांडीवरून रघुला उचललं आणि धावत सुटले. मी आत्याचा हात धरून मागे. परळचा दवाखाना आज पहिल्यांदा लांब वाटला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, न्यूमोनिया. ठेवून घेतलं. आत्या उशाशी बसली ती हलेना. नर्सनं विचारलं, पोराची कोण? "आजी," म्हणाली.

१० डिसेंबर, बुधवार

सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात दत्ताराम आणि मी भांडलो. अगदी तोंडाला येईल ते.

मी म्हणालो, कमलाबाईंना तार कर.

"करून काय होणार रे? ती तिथं वेडी होईल! माफी मागून सुटायचा कागद पुढं ठेवतील. सही केली तर जन्मभर स्वतःला खाईल, नाही केली तर रोज रात्री मरेल. पोर बरा झाला की सांगू."

"आणि नाही झाला तर?"

तो माझ्या अंगावर आला. मग भिंतीला टेकून रडायला लागला. मीही रडलो. काय तोंडातून गेलं माझ्या!

शामराव मध्ये बसले. दत्तारामला म्हणाले, "दत्ताराम, पोर तुझा, ठरवायचं तू. पण माझ्या लक्ष्मीपासून मी असं काही लपवलं ना, तर ती मला पुढं कधी खरं मानणार नाही."

दत्तारामनं डोळे पुसले. तार त्यानंच लिहिली — रघु आजारी, दवाखान्यात, आम्ही सगळे जवळ.

एक राहिलंच. शामरावांनी पेजेचा डबा आणला होता, आत्यासाठी. स्वतः केलेली. तिनं डब्याकडे बघितलं, शामरावांकडे बघितलं, आणि प्यायली. सगळी. मग म्हणाली, "मीठ कमी घातलंस, मेल्या."

शामराव वळून बाहेर गेले. परत आले तेव्हा डोळे लाल.

११ डिसेंबर, गुरुवार

ताप आहेच.

१३ डिसेंबर, शनिवार

ताप उतरला! रघुनं चहा-बिस्किट मागितलं. दत्ताराम तारऑफिसात पळत गेला, एक चप्पल दवाखान्यातच राहिली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

कालिंदीचं पत्र. तुरुंगातून तपासून आलेलं, काही ओळींवर काळी शाई. पण हे वाचता आलं — "पहिली तार आली तेव्हा कमलाबाई कुणाशी बोलेनात. माफीचा कागद आला. हातात टाक घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, करा सही, कुणी तुम्हाला नाव ठेवलं तर माझ्याशी गाठ आहे. तेवढ्यात दुसरी तार. मी म्हटलं, आपल्याला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिलं असेल का? तर म्हणाल्या, नाही. वाईट कळवलंन, तेव्हा चांगलंही खरंच असणार. टाक परत दिला आणि झोपल्या, आजारी माणसासारख्या."

दत्तारामला वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा.

खाली तिरक्या अक्षरात माझ्यासाठी — "इथं सगळ्या बायका आपापल्या नवऱ्यांच्या तक्रारी सांगतात. माझी पाळी आली की मला काही आठवत नाही. लाज आणलीत."

पत्र उशीखाली ठेवलं. ह्या वयात!

२७ डिसेंबर, शनिवार

आल्या! गुलाल, ढोल, आख्खी चाळ खाली. कमलाबाई कुणाचा हार घ्यायलाही थांबल्या नाहीत, रघुला छातीशी धरून जिन्यातच बसल्या. रघु आधी ओळखेना, आत्याकडे हात करत होता. कमलाबाई रडता रडता हसल्या. लक्ष्मीनं आपल्या दोघींच्या वेण्या बघून विचारलं, "ह्या कुणी घातल्या गं?"

कालिंदी वाळलीय, काळवंडलीय. दारात उभी राहून फरशी बघितली. मी म्हटलं, "ओरड."

"नाही," म्हणाली. आणि ओरडली. काय बरं वाटलं!

२८ डिसेंबर, रविवार

साहेब सांगतात, काम संपलं की लगेच उठू नका, सगळ्यांनी मिळून एकदा मागं बघा. म्हणून आज तिन्ही घरं एकत्र जेवली. शामराव आणि आत्या दोघांनी मिळून रांधलं, म्हणजे चुलीशी भांडले. आत्याचं म्हणणं, तेल जास्त. शामरावांचं म्हणणं, मालवणी माणसाला नारळाशिवाय दुसरं काही ठाऊकच नाही. पंगत गॅलरीत, सगळे एका रांगेत. दत्ताराम म्हणाला, "आता चुली वेगळ्या करायच्या ना?" आत्यानं त्याच्या पानात आणखी भात वाढला.

भिंत पुसायला घेतली. बकुळा म्हणाली, "राहू दे ना, बाबा." राहू दिली.

४ जानेवारी १९५९, रविवार

कालिंदी बोलली. तुरुंगात एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. हिनं तिथं बायकांना अक्षरं शिकवली ती बघून म्हणाल्या, तू सातवी फायनल पास आहेस ना, मग मास्तरणीच्या ट्रेनिंगला ये. कोल्हापूर. जूनपासून. दोन वर्षं.

"जाऊ?" म्हणाली. ह्या खेपेला विचारलं.

मी हो म्हणालो. आधी हो म्हणालो, मग भीती वाटली.