दादाच्या ब्रेकची किंकाळी

मंगळवार, संध्याकाळ

आज दादाची रेसची सायकल बाहेर काढली. तो वारल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. गोडाऊनच्या ड्युटीला तीच नेईन म्हटलं, पण ब्रेकच्या वायर गंजलेल्या, रबर झिजून कडक झालेले. खोलण्याआधी सहज चाक फिरवून ब्रेक दाबला. तीच किंकाळी! शेजारच्या कापड विणायच्या लूमच्या खडखडाटातूनही कानात घुसली. आणि आतून आई म्हणाली, "संतोष, चा टाकते रे." संतोष म्हणजे दादा. मी पान्हा उचलला.

नव्या वायर ओढल्या, रबर बसवले, नट आवळले. हात चालत होते, डोकं मात्र त्या किंकाळीतच. दादा लूम दुरुस्त करायचा. मशिनचा आवाज जरा बदलला तरी जेवणावरून उठायचा. मग स्वतःचा ब्रेक असा का ठेवला? आळस? छे, दादा आणि आळस!

शेवटी आईलाच विचारलं.

"या खडखडाटात मला दुसरं काय ऐकू येत न्हाय," ती म्हणाली. "म्हणून त्यानं मुद्दाम तसाच ठेवलेला. वाजला की मी चा टाकायची."

तोवर माझं काम झालं होतं. ब्रेक दाबला. चाक मुकाट थांबलं.

आता दादाची शिफ्ट सुटायची वेळ झालीय. इतके महिने या वेळी आई आत कामात असायची, कान तेवढे बाहेर. आज काम टाकून उंबऱ्यात बसलीय, नजर गल्लीच्या टोकाला. आता दादा आला तरी आवाज येणार नाही ना, म्हणून.