फुली मारलेली तेरा अंडी

२ डिसेंबर, रविवार. सकाळी १०.
सरिता आमच्या तृप्तीला घेऊन माहेरी, सिहोऱ्याला गेली. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. वीस दिवस. मी काय खाणार याची सरिताला काळजी. मी म्हटलं, स्वयंपाक हे दहा मिनिटांचं काम आहे, तुम्ही लोकांनी उगाच बाऊ करून ठेवला. बस सुटेपर्यंत ती खिडकीतून काहीतरी सांगत होती. टोपली, फुली, अंडी इतकं ऐकू आलं. बाकी ऐकायची गरज नव्हती. मी मोबाइलवर ‘पाच मिनिटांत अंड्याचे सात प्रकार’ बघत होतो.
संकल्प: वीस दिवस फक्त अंडी. स्वस्त, झटपट, पौष्टिक. पोटही कमी होईल.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.
ऑम्लेट उलटताना फाटलं. भुर्जी केली. खरं तर मला भुर्जीच खायची होती.

३ डिसेंबर, सोमवार.
दुकानातून आणलेली सहा अंडी संपली. तीन पोटात, तीन तव्यावर. तवा खराब आहे.
पडवीतल्या टोपलीत भाताच्या तणसावर तेरा गावरान अंडी सापडली. प्रत्येकावर कोळशाने फुली. म्हणजे सरिता हेच सांगत होती! माझ्यासाठी मोजून, खूण करून ठेवून गेली. हे असलं प्लॅनिंग ती माझ्याकडूनच शिकली. वर लाल कोंबडी ठाण मांडून बसली होती. उठवताना तिने दोनदा चोच मारली. फार लाडावून ठेवली आहे.
तेराही एकदम उकडली. एकदाच गॅस, आठवडाभर जेवण. दोन अंडी तिखटमीठ लावून भातासोबत खाल्ली. उरलेली अकरा फ्रिजमध्ये. उत्तम. इतकी वर्षं या बायका रोज दोनदा चूल का पेटवतात कळत नाही.

४ डिसेंबर, मंगळवार. सकाळ.
शेजारच्या बायजाबाई चाळणी न्यायला आल्या. लाल कोंबडी अंगणभर ओरडत फिरत होती. बायजाबाई म्हणाल्या, भाऊ, सरितानं शनिवारीच तर बसवली जी हिले अंड्यावर. तेरा अंडे मीच मोजून देल्ले. मंग हे काहून अशी बोंबलत फिरून राहिली?
मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी सविस्तर सांगितलं. बाकीच्या कोंबड्याही त्याच टोपलीत येऊन अंडी घालतात. म्हणून उबवायच्या अंड्यांवर कोळशाने फुली मारायची. बिनफुलीचं दिसलं की ते आपण खायचं. मी म्हटलं, एकोडीसारख्या खेड्यात जन्मलो, मला माहीत नाही का. मला माहीत होतंच. फक्त त्या वेळी आठवलं नाही.

दुपारी.
तृप्तीचा फोन. तिने तेराही पिल्लांची नावं ठेवली आहेत. सगळ्यात मोठ्याचं नाव बाबा. ते बाहेर आलं की आधी मलाच दाखवा जी, म्हणाली. पाच वर्षांची आहे. मी बरं म्हटलं.
बायजाबाईंकडे दुसरी तेरा अंडी मागता आली असती. पण का, तेही सांगावं लागलं असतं.
निर्णय: अकरा उकडलेली अंडी फ्रिजमधून टोपलीत परत. कमी पडणारी दोन दुकानातली, पांढरी. ती चहाच्या पाण्यात उकडली. छान तपकिरी झाली. नव्याने फुल्या मारल्या. कोंबडीने टोपलीत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि बसली. प्रकरण मिटलं.

६ डिसेंबर, गुरुवार.
सकाळी विहारात अभिवादन. तिथल्या वासुदेवरावांनी जेवायला चला म्हणून फार आग्रह केला. मी म्हटलं, घरी सगळं केलेलं आहे. घरी येऊन अंडा-रस्सा केला. मिरचीपूड जरा जास्त पडली. रस्सा फेकला, अंडी धुऊन खाल्ली.

१० डिसेंबर, सोमवार.
सरिता फोनवर म्हणाली, अंधारात अंड्याले टॉर्च लावून पाहा जी, आत लाल लाल शिरा दिसतेत का. मी म्हटलं, दिसतात. स्पष्ट. तृप्तीने विचारलं, बाबा हालते का? हालतो म्हटलं. लाथ मारतो म्हटलं. लाथेचं म्हणायला नको होतं. आता ती रोज विचारणार.

१४ डिसेंबर, शुक्रवार.
साकोलीच्या ऑफिसमधून थेट घरी येतो. कुठे जाता येत नाही. बायजाबाईंनी सहज टोपलीत हात घातला तर? मित्रांना सांगितलं, डाएट चालू आहे.
कोंबडीही उठत नाही. दिवसातून एकदा पाणी पिते, चार दाणे टिपते, धावत परत जाते. वाळली आहे. थंडीने पडवीत कुडकुडायला होतं, तरी ती त्या उकडलेल्या अंड्यांवर पंख पसरून बसलेली असते. आज तिच्यासमोर तांदळाची कणकी नेऊन ठेवली. चोच मारली नाही तिने. मला एकदम वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. कांदा चिरलेला नव्हता.

१७ डिसेंबर, सोमवार.
ऑम्लेट गोल निघालं! बघायला घरात कोणी नाही. कोंबडीला दाखवणार होतो. दाखवलं नाही.

१९ डिसेंबर, बुधवार.
टोपलीला वास. उदबत्ती लावली.

२१ डिसेंबर, शुक्रवार.
उद्या दोघी येणार. उद्या एकविसावा दिवस. कोंबडी उठून गेली तर बरं, असं रोज वाटायचं. ती काही गेली नाही.
साकोलीच्या बाजारात केवळराम सायकलवर टोपली बांधून पिल्लं विकतो. साधी पिल्लं मागितली. सगळी संपलेली. रंगवलेली चार उरली होती. दोन हिरवी, दोन गुलाबी. तो म्हणाला, साहेब, रंग कायले पाहून राहिले, धुतला का निंघते. घेतली.
घरी आल्यावर एक गुलाबी धुतलं. फिकट गुलाबी झालं आणि थरथरायला लागलं. टॉवेलात गुंडाळून तासभर छातीशी धरून बसलो. बाकीची धुतली नाहीत.
अंधार पडल्यावर चारही पिल्लं हळूच कोंबडीच्या पोटाखाली सरकवली. खालची अंडी काढायला गेलो तर रक्त निघेपर्यंत चोच मारली. राहू दिली. उद्या सांगायचं, चार फुटली, नऊ वाया गेली. रंगाचं काय सांगायचं ते सकाळी सुचेल. मला आयत्या वेळी सुचतं.

२२ डिसेंबर, शनिवार.
सुचलं नाही.
तृप्ती दप्तरासकट पडवीत धावली. सरिता मागून आली. हिरवं पिल्लू बघितलं. टोपलीत हात घातला, कोंबडीने तिला घालू दिला. एक अंडं काढून कानाशी हलवलं, अंगणात नेऊन दगडावर फोडलं. वासाने बायजाबाई पदर नाकाला लावून कुंपणाशी आल्या. आतला बलक घट्ट, हिरवट.
सरिताने इतकंच विचारलं, तृप्तीचे बाबा, कितीक खाल्ले जी?
दोन, म्हटलं.
मला वाटलं, आता पोरीसमोर सगळं निघणार. तृप्तीने विचारलं, यातला बाबा कोनता? सरिताने सगळ्यात मरतुकडं, फिकं गुलाबी पिल्लू उचलून तिच्या ओंजळीत ठेवलं. हा, म्हणाली.
मग आत जाताना मला म्हणाली, उद्यापासून सकाळचा स्वयंपाक तुमचा. दहाच मिनिटांचं काम हाये न.

२३ डिसेंबर, रविवार. सकाळी ८.
सहाला सुरू केला. भात करपला, वरण व्हायचं आहे.
लाल कोंबडी दोन हिरवी, दोन गुलाबी पिल्लं घेऊन रस्त्याने मिरवते आहे. बायजाबाईंनी अर्धी गल्ली बघायला बोलावली. बाबा सगळ्यांच्या मागे पडतो. तृप्ती ओरडते, बाबा, जल्दी चाल.
दोनदा मीच ओ दिली.